मोबाइलवर मुले बोलतात म्हणजे काय करतात?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला विषय दिला होता 'विद्यार्थी आणि मोबाइल'. या विषयावर आपण इतकी व्याख्याने ऐकली आहेत की वक्ता उठण्यापूर्वीच तो काय सांगणार हे आपल्याला ठाऊक असते. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मोबाइल काढून घ्या. मी तसे काही सांगणार नाही. मी डॉक्टर नाही, भाषेचा शिक्षक आहे. एकतीस वर्षे मराठी आणि इंग्रजी शिकवले. मुले मोबाइलवर किती वेळ घालवतात यापेक्षा त्या वेळात ती एकमेकांशी आणि आपल्याशी काय बोलतात, आणि बोलून काय करतात, एवढाच माझा विषय. आपल्यापैकी जे हे भाषण ऐकू शकले नाहीत आणि आता स्मरणिकेत वाचत आहेत, त्यांनीही वाचता वाचता आपल्या घरातील मोबाइल डोळ्यांपुढे ठेवावा.

माझ्या एका चुकीपासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲपवर गट होता. साठ मुले-मुली आणि मी. वर्गात मी म्हटले होते, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा नमुना संध्याकाळी गटावर पाठवीन. नंतर विसरलो. रात्री पावणेअकराच्या सुमारास पेपर तपासत बसलो असताना एका मुलीचा निरोप आला. तीनच शब्द, तेही इंग्रजी : 'सर सेंड फॉर्म'. मी उत्तर दिले नाही. दहा मिनिटांनी तिची दोन प्रश्नचिन्हे आली. माझे डोके फिरले. मी गटावरच लिहिले, "हा हुकूम कोणाला? शिक्षकांशी बोलण्याची ही रीत आहे का?" त्याखाली दोन-तीन मुलांनी हसरे चेहरे टाकले. मुलगी काही न बोलता गटातून बाहेर पडली.

पुढे चार दिवसांनी अर्जाची शेवटची तारीख मी त्याच गटावर जाहीर केली. तिला ती दिसली नाही. मैत्रिणींना वाटले, तिला माहीत असेल. तारीख निघून गेली. मग तिची आई शाळेत आली. तक्रार करायला नव्हे, माफी मागायला आली होती. "सर, पोरीचं काय चुकलं तेवढं सांगा," एवढेच ती म्हणाली.

मी मुलीला विचारले, तुला काय म्हणायचे होते? ती म्हणाली, "सर, उर्दूत लिहिलं असतं तर 'सर, फॉर्म भेज दीजिए' असं लिहिलं असतं. गटावर सगळे इंग्रजीत लिहितात, म्हणून इंग्रजीत लिहिलं."

म्हणजे तिने केली होती विनंती. माझ्यापर्यंत पोहोचला तो हुकूम. शब्द तेच होते. एकतीस वर्षे भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे त्या रात्री कळले नाही.

ऑक्सफर्डला जे. एल. ऑस्टिन नावाचे एक तत्त्ववेत्ते होते. १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी जी व्याख्याने दिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यांचे म्हणणे साधे होते. आपण समजतो की बोलणे म्हणजे माहिती देणे. पण पुष्कळदा बोलणे म्हणजेच करणे असते. निकाहच्या वेळी 'कबूल है' म्हटले जाते, तेव्हा कोणी बातमी सांगत नाही. त्या शब्दांनी निकाह होतो. 'मी शब्द देतो' म्हटले की शब्द दिला जातो. मात्र त्यासाठी योग्य माणूस, योग्य जागा, योग्य वेळ आणि मनात तसा हेतू लागतो. याच सभागृहात नाटकात कोणी 'कबूल है' म्हटले तर निकाह होत नाही. पुढे अमेरिकन तत्त्ववेत्ते जॉन सर्ल यांनी १९६९ च्या आपल्या पुस्तकात हा विचार वाढवला आणि नंतर अशा कृतींचे पाच प्रकार मांडले : सांगणे, करायला लावणे, स्वतःला बांधून घेणे, मनातला भाव प्रकट करणे आणि नुसत्या उच्चाराने एखादी गोष्ट घडवून आणणे.

शेवटच्या प्रकारासाठी ऑस्टिन यांनी जे एक उदाहरण घेतले, ते आपल्या फार जवळचे आहे. पतीने पत्नीला 'मी तुला तलाक देतो' असे म्हटले तर ख्रिस्ती दांपत्यात त्याने काही घडत नाही. मुस्लिम दांपत्याची गोष्ट वेगळी, असे त्यांनी लिहिले. आज ते उदाहरण आपल्या देशात तसेच्या तसे देता येणार नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो तोंडी असो, लेखी असो की इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असो, निरर्थक आणि बेकायदेशीर ठरला. त्या कायद्याविषयी या सभागृहात निरनिराळी मते असतील. त्यात मी आज शिरत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की मोबाइलवरच्या चार अक्षरांनी माणसाचे आयुष्य उलथू शकते, ही गोष्ट संसदेलाही कायद्यात लिहावी लागली. आणि आपण मुलांना म्हणतो, 'मोबाइलवर नुसत्या गप्पा मारत बसतोस!'

आता विनंतीकडे येतो. विद्यार्थ्यांच्या निरोपांत सर्वांत जास्त घोटाळे मी इथेच पाहिले आहेत.

आपली मुले तीन-चार भाषांत वाढतात. कोकणातल्या घरात घरची बोली एक, मदरशात आणि शाळेत उर्दू, बाजारात मराठी, परीक्षेत इंग्रजी. प्रत्येक भाषेत अदब ठेवण्याची जागा निराळी असते. उर्दूत ती क्रियापदात असते. 'भेज', 'भेजो', 'भेजिए' या पायऱ्या मूल चालायला शिकता शिकताच शिकते. मराठीतही 'पाठव' आणि 'पाठवा' यांत अंतर आहे, आणि 'पाठवाल का?' म्हटले की आणखी मऊपणा येतो. 'जमल्यास पाठवा' म्हटले की समोरच्याला नाही म्हणायला वाट राहते. इंग्रजीचे तसे नाही. तिथे क्रियापदाला अदबीचा प्रत्यय लागत नाही. अदब बाहेरून आणावी लागते : वाक्याचा प्रश्न करून, 'कुड यू' जोडून, 'प्लीज' म्हणून. आपले मूल मनात 'भेजिए' म्हणते आणि हाताने 'सेंड' लिहिते. त्याच्या मनातली अदब वाटेतच गळते. त्याला वाटते, सुरुवातीला 'सर' लिहिले आहे, म्हणजे सगळे आले.

शिवाय तोंडी बोलताना आपल्याला किती गोष्टी मदत करतात! मूल दारात उभे राहते, मान किंचित झुकवते, आवाज खाली घेते. तेव्हा 'सर, फॉर्म' एवढे दोन शब्दही विनंती होतात. मोबाइलच्या पडद्यावर ना दार, ना मान, ना आवाज. उरतात फक्त शब्द, आणि तेही कसे वाचायचे हे वाचणाऱ्याच्या मनःस्थितीवर. दिवसभराच्या थकव्याने चिडलेला माणूस त्यांना स्वतःच्या चिडक्या आवाजात वाचतो. मी तसेच केले.

ही अडचण नवी नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरून एकमेकांना मजकूर पाठवणाऱ्या मंडळींत थट्टा कोणती आणि खरे बोलणे कोणते हे कळेनासे झाले. तेव्हा १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फाहलमन या प्राध्यापकांनी सुचवले की थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी आडवी हसरी मुद्रा काढावी. आज मुलांच्या निरोपांत चेहऱ्यांची जी गर्दी दिसते, तिचा एक मूळ हेतू हा होता. म्हणून त्या चेहऱ्यांना सरसकट पोरकट समजू नका. 'वा, फार हुशार आहेस' या वाक्याने कौतुक झाले की टिंगल, हे कित्येकदा पुढच्या चेहऱ्यावरूनच ठरते. पण माझ्या त्या निरोपाखाली मुलांनी टाकलेले हसरे चेहरे आठवा. ती मुले दुष्ट नव्हती. त्यांना बहुधा वातावरण हलके करायचे होते. त्या मुलीला मात्र ते साठ जणांचे हसणे ऐकू आले.

वचनाबद्दल विद्यार्थ्यांना विशेष सांगायचे आहे, कारण त्यांना वाटते की अंगठा दाखवणे म्हणजे 'वाचले' एवढेच. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात २०२१ साली धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचे छायाचित्र मोबाइलवर पाठवले आणि करार कबूल करण्यास सांगितले. शेतकऱ्याने उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवला. जवस मात्र दिले नाही. त्याचे म्हणणे, अंगठा म्हणजे निरोप मिळाला. २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा सहीसारखाच मानला आणि शेतकऱ्याला ८२,००० कॅनेडियन डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. हा निकाल भारतातल्या न्यायालयांना बांधील नाही. पण उद्या नोकरीत वरिष्ठांना आणि धंद्यात गिऱ्हाइकाला तुम्ही अंगठा पाठवाल, तेव्हा हे जवस आठवेल.

आणि आपला 'इन्शाअल्लाह'! सूरा कहफमध्ये उद्याच्या कामाविषयी बोलताना अल्लाहची इच्छा असेल तर असे म्हणण्याची शिकवण आहे, ती वचन देणाऱ्याच्या नम्रतेसाठी. आम्ही त्याचे काय केले आहे पाहा. शाळेच्या गटावर विचारावे, 'रविवारी सफाईला कोण कोण येणार?' वीस जण लिहितात 'इन्शाअल्लाह', आणि येतात सहा. उरलेल्या चौदा जणांना 'नाही' म्हणायचे असते, पण तोंड फुटत नाही. मुले हे आपल्याकडूनच शिकली, हेही कबूल केले पाहिजे. 'नाही, मला रविवारी जमणार नाही, पण शनिवारी येईन' असे सरळ लिहिणारा मुलगा मला अधिक विश्वासाचा वाटतो.

वाचूनही उत्तर न देणे हीसुद्धा आता एक कृती झाली आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपने निळ्या खुणा आणल्या, तेव्हापासून गप्प बसण्याला अर्थ चिकटला. मुलींमध्ये यावरून मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. बिचारी दुसरी कदाचित भाकरी थापत असेल. असो.

आता थोडे गंभीर बोलतो. पालकांनी इकडे लक्ष द्यावे.

मुलांना वाटते की स्वतः लिहिले तर आपले. पुढे पाठवले, 'लाइक' केले, स्टेटस ठेवले तर ते दुसऱ्याचे. हे खरे नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुण मुलीने त्या बंदविषयी फेसबुकवर आपले मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने फक्त 'लाइक' केले. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. त्या अटकेवर देशभर टीका झाली आणि पुढे तो खटला बंद झाला. श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवले. त्या मुलींचे काही चुकले नव्हते, असेच माझे मत आहे. तरीही एका बोटाच्या स्पर्शाने एक मुलगी पोलीस ठाण्यात पोहोचली, ही गोष्ट उरतेच.

ते कलम गेले, पण सगळे कायदे गेले नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये धर्म, भाषा, जात वगैरे कारणांवरून समाजात वैर वाढवण्याबद्दल शिक्षा आहे, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. जून २०२३ मधील कोल्हापूर आपण विसरला नसाल. काही तरुणांनी ठेवलेल्या मोबाइल स्टेटसवरून तणाव वाढला, ७ जूनला शहरात दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. दगड मारणाऱ्याची जबाबदारी दगड मारणाऱ्याचीच असते, स्टेटस ठेवणाऱ्या पोराची नव्हे. पण त्या पोरांना कोणी आधी विचारले होते का की बाबा रे, हे स्टेटस ठेवून तू नक्की काय करतो आहेस? माहिती देतो आहेस, अभिमान दाखवतो आहेस, की कोणाला डिवचतो आहेस? माझा अंदाज असा की पुष्कळांना याचे उत्तर देता आले नसते. मित्राने ठेवले म्हणून त्यांनी ठेवले. आणि त्याचे मोल दुकानाची काच फुटलेल्या माणसाने मोजले.

व्हॉट्सॲपनेही काही बंधने घातली आहेत. जुलै २०१८ मध्ये, अफवांवरून जमावाने माणसे मारल्याच्या घटनांनंतर, भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. पण पाचांनी पाचांना पाठवले तर पंचवीस होतात, एवढे गणित आपल्या पाचवीच्या मुलालाही येते. गटप्रमुख असलेल्या मुलांसाठी एक दिलासा मात्र सांगून ठेवतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू दिसत नसेल तर, केवळ गटप्रमुख म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही.

पालकांना एक प्रश्न. वडील कुवेतला किंवा दुबईला, घरी आई आणि मुले, अशी आपल्याकडे किती घरे आहेत! त्या घरांत बाप-लेकाचे नाते मोबाइलवरच चालते. एका मुलाने मला वडिलांचे निरोप दाखवले. 'निकाल?' 'किती?' 'का?' प्रत्येकी एक शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. बारा तासांच्या पाळीनंतर तो बाप दमून हे लिहीत असेल, मायेनेच लिहीत असेल. पण मुलगा ते पोलिसाच्या आवाजात वाचत होता. मी त्याला सुचवले, वडिलांना सांग की लिहू नका, आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढे त्याने मला सांगितले, "सर, अब्बा आधी 'बेटा' म्हणतात आणि मग निकाल विचारतात." लिहिताना तो 'बेटा' गळत होता.

आता माझ्या माफीचे सांगून पुरे करतो. चूक कळल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत, आईच्या समोर, त्या मुलीला म्हटले, 'बेटी, माझे चुकले.' ती म्हणाली, "ठीक आहे सर." पण गटात परत आली नाही. मला नवल वाटले. माझ्या पत्नीने विचारले, "तुम्ही रागावलात किती जणांसमोर?" साठ. "आणि माफी किती जणांसमोर मागितलीत?" दोन.

गटावरचा माझा तो निरोप आता पुसताही येत नव्हता. व्हॉट्सॲप पुसण्यासाठी मुदत देते, आणि आज ती सुमारे अडीच दिवसांची आहे. इथे तर आठवडा उलटला होता. एका अर्थी बरेच झाले. पुसले असते तर मी सुटलो असतो, पण साठ जणांच्या डोक्यातून ते पुसले गेले नसते. नुसता 'सॉरी' किंवा हात जोडलेले चित्रही चालणार नव्हते. माफीत काय चुकले ते सांगावे लागते, कोणाचे चुकले ते सांगावे लागते, आणि आता काय करणार तेही सांगावे लागते. मी गटावर लिहिले : 'अर्जाचा नमुना पाठवीन असे मी वर्गात सांगितले होते. मी विसरलो. एका विद्यार्थिनीने त्याची आठवण केली, आणि मी तिलाच सर्वांसमोर बोललो. चूक माझी होती. तिची मी माफी मागतो. यापुढे कोणाला काही सांगायचे झाले तर मी एकट्याला सांगेन.' पाठवताना हात थरथरत होता, खोटे कशाला सांगू. उत्तरे फारशी आली नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीने तिला पुन्हा गटात घेतले.

त्या वर्षीची शिष्यवृत्ती मात्र गेली ती गेलीच. तिच्या मामाने पैसे उभे केले. ती मुलगी आज बी.एड. करते आहे. परवा तिचा निरोप आला, मराठीत आणि चांगला पाच ओळींचा : 'सर, अस्सलामु अलैकुम. आपल्याला सवड असेल तेव्हा माझ्या पाठाचे टिपण पाहाल का? घाई नाही.' मी अंगठा पाठवला नाही. लिहिले, 'वालेकुम अस्सलाम बेटी. रविवारी रात्रीपर्यंत पाहून पाठवतो.'

आज रविवार आहे. टिपण अजून वाचायचे आहे, म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन बसतो.